खोकल्याचं तिकीट

टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर मी सव्वीस वर्षं काढली. कानाला हेडसेट, समोर दोऱ्या, हातात पेन्सिल. कॉल लागला की तिकिटावर वेळ टाकायची, तीन मिनिटं झाली की आत शिरून सांगायचं. पलीकडे कुणी मुलगा झाल्याचं कळवतंय की कुणी गेल्याचं, ते तिकिटावर नसे. मिनिटं तेवढी असत.

निवृत्तीनंतर खोकला जडला. आठ आठवड्यांच्या पुढे गेला की त्याला जुनाट म्हणतात. माझा चार वर्षांचा आहे. एक्स-रे स्वच्छ, थुंकी स्वच्छ. एका दवाखान्यातून तर ‘काही झालेलं नाही तुम्हाला’ म्हणून बोळवण झाली. मग एका मॅडमनी तपासण्याआधी हातात कागद दिला. लेस्टर कफ क्वेश्चनेअर, प्रश्न एकोणीस, सगळे इंग्रजीत. सोबत भाची होती, तिने वाचून दाखवले. ‘एम्बॅरस्ड’पाशी आम्ही अडलो. ती म्हणाली, ‘‘लाज वाटते का, मावशी?’’ म्हटलं, लाज वेगळी. नाटकात उबळ आली की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात, तेव्हा मी ओशाळते.

त्या कागदाचा मग मी माग काढला. 1960 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने श्वसनविकारांच्या पाहणीसाठी प्रश्नावली केली. हिवाळ्यात सकाळी उठल्याबरोबर खोकता का, कफ पडतो का, वर्षातले तीन महिने तरी असं असतं का? हो किंवा नाही. ब्राँकायटिस कुणाला आहे हे शोधायला ते पुरेसं होतं. पुढे खोकल्याच्या औषधांची परीक्षा घ्यायची वेळ आली, तेव्हा मोजणी यंत्राकडे गेली. 1964 मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात वुल्फ आणि रोझेनबर्ग यांनी रुग्णांचा खोकला टेपरेकॉर्डरवर घेऊन मोजण्याची पद्धत मांडली. हे वाचताना मला आमचं तिकीटच दिसलं. किती वेळा, ते कळलं. खोकणाऱ्याचं काय झालं, ते टेपवर कसं यावं?

ते विचारायला विसावं शतक सरत आलं. अमेरिकेत सिंथिया फ्रेंच, रिचर्ड आयर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये खोकल्याने रोजचं जगणं किती बिघडतं ते तपासलं, आणि 2002 मध्ये खास खोकल्यासाठी 28 कलमांची प्रश्नावली दिली. पुढच्याच वर्षी, त्याच ‘थोरॅक्स’मध्ये, लेस्टरच्या सुरिंदर बिरिंग आणि मंडळींची आली. गेल्या दोन आठवड्यांचं आठवायचं आणि प्रत्येक प्रश्नाला 1 ते 7 पैकी आकडा द्यायचा. शरीर, मन आणि माणसांतला वावर अशा तीन गटांची सरासरी काढून बेरीज करायची: कमीत कमी 3, जास्तीत जास्त 21. आकडा जितका खाली, तितका जाच मोठा. पुढे ठरलं की 1.3 ने वाढला, तरी माणसाला फरक जाणवतो.

त्यात एक प्रश्न फोनवरच्या बोलण्यात खोकल्याने अडथळा येतो का, असाही आहे. ट्रंक बोर्डावरच्या बाईला! मी आकडा 2 लिहिला.

माझी बेरीज साडेनऊ आली. कागद परत देताना वाटलं, एक गोष्ट राहिलीच. उबळ आली की मी आधी मांड्या आवळते. लग्नाकार्याला गडद रंगाचंच लुगडं नेसते, पिशवीत जास्तीचा परकर ठेवते. अमेरिकेतल्या 28 कलमांत हे आहे. 2004 मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं की जुनाट खोकल्याचा जाच बायकांना पुरुषांपेक्षा अधिक होतो, आणि खोकताना लघवी होणं हे त्याचं एक कारण आहे. लेस्टरच्या एकोणीस प्रश्नांत मात्र ते नाही.

मॅडमनी बेरीज पाहिली, कागद बाजूला ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं, ‘‘खोकताना कपडे ओले होतात का?’’

मी भाचीला बाहेर बसायला सांगितलं. मग बोलले. तीन मिनिटांत काही ते आटपलं नाही.