मॉडेल रॉकेट
पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख व प्लॅस्टिकचा शंकू जोडून केलेले, तयार घन-इंधन मोटरीवर उडणारे आणि हवाई छत्रीने उतरवून पुन्हा वापरता येणारे छोटे रॉकेट. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९५४ मध्ये ऑर्व्हिल कार्लाइल या पादत्राणे विक्रेत्याने भाऊ रॉबर्ट यांच्यासह ते बनविले. १९५७ पासून जी. हॅरी स्टाइन यांनी त्याचा प्रसार केला. मोटरींचे वर्ग अक्षरांनी दाखवतात; प्रत्येक पुढील अक्षराला कमाल आवेग दुप्पट होतो (ए : २.५, बी : ५ न्यूटन-सेकंद). प्रज्वलन दुरून विजेने करतात. इंधन संपल्यावर मंद जळणारा थर पेटतो व नंतरचा लहान स्फोट छत्री बाहेर ढकलतो [→ अग्निबाण, हवाई छत्री]. मोडतोड घरी दुरुस्त करता येते. पंख तुटला तर तो बहुधा उतरताना मुळाशी तुटतो. तो चिकटवून सांध्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या गोंदाची कड भरतात. नळीचे चेमटलेले तोंड कापून, आत जोडनळी सरकवून नवा तुकडा बसवतात. मोटर मात्र घरी बनवत नाहीत.