अभियांत्रिकी क्षेत्रातील स्त्रिया (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे शिक्षण व व्यवसाय यांमध्ये स्त्रियांचा सहभाग विसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसू लागतो. या विषयाला दोन बाजू आहेत : अभ्यासक्रमात प्रवेश मिळणे आणि पदवीनंतर व्यवसायात टिकून राहणे. पहिल्या प्रश्नावर राखीव जागा व शुल्कसवलत हे उपाय योजले गेले. दुसरा प्रश्न कामाच्या वेळा, प्रवास आणि अपत्यसंगोपन यांच्याशी निगडित आहे.

इतिहास

भारतातील पहिल्या स्त्री अभियंत्या १९४० च्या दशकात मद्रासजवळील गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, ए. ललिता या त्यांपैकी एक होत. मुंबईत शकुंतला भगत (१९३३–२०१२) यांनी १९५३ मध्ये व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे नामवंत पूल अभियंते होते. भगत यांनी आयआयटी मुंबई येथे अध्यापन केले आणि १९७० मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्यासह क्वाड्रिकॉन ही कंपनी स्थापन केली. कारखान्यात तयार केलेले प्रमाणित पोलादी भाग जागेवर जोडून वेगवेगळ्या लांबीचे पूल उभारण्याची पद्धत या कंपनीने विकसित केली.

१९७४ मध्ये टेल्को कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे नमूद होते. सुधा मूर्ती (तेव्हा कुलकर्णी) यांनी त्याविरुद्ध जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठविले. त्यांना पुण्यात मुलाखतीस बोलावण्यात आले आणि त्या कंपनीच्या पहिल्या स्त्री अभियंत्या ठरल्या. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूर–मुंबई वंदे भारत एक्सप्रेस चालविली.

शिक्षण

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने पुण्यात १९९१ मध्ये कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. मुंबईतील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९९७ मध्ये जुहू येथे उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था स्थापन केली. मुलींना सहशिक्षणाच्या महाविद्यालयात किंवा परगावी पाठविण्यास तयार नसलेल्या कुटुंबांसाठी अशा संस्था व त्यांची वसतिगृहे उपयुक्त ठरली.

राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. २०२४–२५ पासून, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती शिष्यवृत्तीतून वर्षाला ५०,००० रुपये मिळतात.

व्यवसायातील सातत्य

कारखाना अधिनियम, १९४८ नुसार स्त्रियांना कारखान्यात सकाळी ६ ते सायंकाळी ७ याच वेळेत काम देता येत असे. संरक्षणासाठी घातलेल्या या बंधनामुळे पाळ्यांमध्ये चालणाऱ्या उत्पादन विभागांत स्त्री अभियंत्यांची नेमणूक करणे अडचणीचे ठरे. पुढे सुरक्षितता व वाहतुकीच्या अटींवर हे बंधन शिथिल झाले. त्यामुळे घर ते कारखाना हा प्रवास महत्त्वाचा ठरला. उदाहरणार्थ, नाशिकमध्ये सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहती शहराच्या पश्चिम बाजूस आहेत, तर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझर येथील विमान कारखाना शहराबाहेर मुंबई–आग्रा महामार्गालगत आहे. हा महामार्ग व पुणे रस्ता जेथे मिळतात त्या द्वारका चौकासारख्या भागात राहणाऱ्या स्त्रीला रात्रपाळी स्वीकारता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी कंपनीच्या वाहनावर अवलंबून असते.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. मात्र रजेचे वेतन मालकाने द्यावयाचे असल्याने स्त्रियांच्या नेमणुकीबाबत काही मालक हात आखडता घेतील, अशी टीकाही झाली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती आवश्यक केली. खंडानंतर पुन्हा काम करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने महिला शास्त्रज्ञ योजना राबविली. तिचा भर मात्र संशोधनावर होता.