तलवार म्यान झाल्यावर

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांसमोर वैद्याऐवजी शिपाई असता, तरी तिचा अर्थ तसूभरही बदलला नसता. रणभेरी वाजू लागली की शिपायाच्या गळ्यात हार पडतात, कपाळी टिळा लागतो, आयाबाया त्याला ओवाळतात. पण लढाई संपून तो घरी परतला, की पुढे उभा राहतो तो पोटाचा प्रश्न. कवाईत आणि नेमबाजी शिकलेल्या हातांना बाजारात भाव कोण देणार? कुणी राजांनी अशांना जमिनी इनाम दिल्या, कुणी पेन्शन बांधून दिले. अमेरिकेने आणखी एक वाट धरली. नोकरी देताना माजी सैनिकाला अग्रक्रम द्यावा, असा तिने कायदाच केला. दिवाळीच्या फराळाबरोबर त्या कायद्याची कहाणी वाचकांपुढे ठेवावी, असे माझ्या मनात आहे. ती दूरदेशीची खरी, पण तिच्यातला पेच आपल्या अंगणातलाच आहे.

आरंभ झाला तो उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील यादवीच्या अखेरीस. ३ मार्च १८६५ रोजी तेथील काँग्रेसने ठराव केला, की जखमेमुळे वा आजारामुळे ज्यांना सैन्य सोडावे लागले, त्यांना लायकी असल्यास सरकारी जागा आधी द्याव्यात. ज्याने हात गमावला, त्याला निदान टेबलाशी बसून लेखणी धरता यावी, एवढीच त्यात माणुसकी होती. १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर, ही सवलत सन्मानाने निवृत्त झालेल्या सर्वच सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मिळाली. पुढे १९२३ साली तिला गुणांचे माप लागले. परीक्षेत धडधाकट माजी सैनिकाला ५ गुण अधिक आणि अपंगाला १० गुण अधिक.

पण सरकारी जागा त्या किती, आणि सैनिक किती! १९२४ च्या कायद्याने महायुद्धातील सैनिकांना बोनसची प्रमाणपत्रे दिली होती. मात्र पैसे हाती पडायचे ते १९४५ मध्ये. मधेच मंदी आली, चुली विझल्या. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकामुलांसह राजधानी वॉशिंग्टनला येऊन ठाकले. 'आमचे पैसे आजच द्या' एवढेच त्यांचे मागणे होते. अनाकोस्टिया नदीकाठी त्यांनी खोपटी उभारली. २८ जुलै रोजी जनरल मॅकआर्थरच्या फौजेने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकून लावले; खोपटी जळून गेली. ज्या सैन्यातून ते लढले, त्याच सैन्याने त्यांना हाकलले!

हा डाग अमेरिका विसरली नाही. दुसऱ्या महायुद्धात तिचे सुमारे १ कोटी ६० लाख लोक सैन्यात होते. ते परतण्यापूर्वीच, जून १९४४ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दोन कायद्यांवर सही केली. एकाने सैनिकांना शिक्षणाची व घरासाठी कर्जाची सोय करून दिली, तर दुसऱ्याने सरकारी नोकरीतील अग्रक्रम पक्का केला. १९५३ मध्ये त्यात एक शहाणपणाची अट आली: आधी स्वतःच्या बळावर उत्तीर्ण व्हा, मग वाढीव गुण घ्या. मास्तर या नात्याने मला ही अट फार आवडते. नापासाला पास करणे ही कृतज्ञता नव्हे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा पाचदहा गुणांवर थांबणारा नव्हता. तेथे उत्तीर्ण झालेला माजी सैनिक थेट यादीच्या माथ्यावर जाऊन बसे, आणि तोही जन्मभर! हेलन फीनी नावाची बाई त्या राज्याच्या नोकरीत होती. १९७१ साली एका वरच्या जागेच्या परीक्षेत तिला दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळाले, पण यादीत तिचे नाव गेले सहावे. पुढचे पाचही पुरुष माजी सैनिक होते. १९७३ मध्ये तिच्यापुढे बारा माजी सैनिक लागले, आणि त्यांतील अकरा जणांचे गुण तिच्याहून कमी होते. तुम्ही म्हणाल, तिनेही सैन्यात जायचे होते. पण १९६७ पर्यंत अमेरिकी सैन्यात बायकांची भरती शेकडा २ च्या वर जाऊ नये, असा कायदाच होता. दार लावून घ्यायचे, आणि मग 'तू आत का आली नाहीस?' म्हणून विचारायचे, त्यातलाच हा प्रकार. फीनीबाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९७९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. बायकांचे नुकसान होते हे खरे, पण कायदा त्या हेतूने केलेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

खाजगी मालकांची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश पाहून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. सैनिक बहुतेक पुरुष. तेव्हा एखाद्या मालकाने आपखुशीने सैनिकांना अग्रक्रम दिला, तर बायकांशी भेदभाव केल्याचा ठपका यायचा. मात्र त्याच कायद्यात एक पळवाट होती. एखाद्या कायद्याने सैनिकांना खास हक्क दिला असेल, तर त्याला बाधा नाही. हे हेरून २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला, की खाजगी मालकाची इच्छा असल्यास त्याने माजी सैनिकाला प्राधान्य द्यावे. सक्ती नाही, नुसती मुभा. पुढे एकामागून एक राज्यांनी तोच कित्ता गिरवला.

आपल्याकडे १९७९ च्या नियमांनी केंद्र सरकारच्या 'क' वर्गातील शेकडा १० आणि 'ड' वर्गातील शेकडा २० जागा माजी सैनिकांसाठी राखून ठेवल्या. मी साताऱ्याकडचा मास्तर. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे हा विषय मला पुस्तकी वाटत नाही. माझा एक विद्यार्थी सतरा वर्षे नोकरी करून ऐन सदतिशीत घरी आला. आता तो एका पेढीच्या दाराशी पहारा करतो. मला म्हणाला, "गुरुजी, तिकडं माझ्या शब्दावर दहा माणसं हलायची. इथं माझ्या हातात नुसती दाराची कडी!" त्याच्या शब्दांत तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले.

आणि तरीही फीनीबाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. देशाचे ऋण सर्वांचे असते. ते फेडायचे तर सर्वांच्या खिशातून फेडावे. पेन्शन, शिक्षण, औषधपाणी ही सरकारी तिजोरीतून होणारी फेड झाली. पण नोकरीतला अग्रक्रम हे पुष्कळ अंशी हलवायाच्या घरावर ठेवलेले तुळशीपत्र आहे. सरकारचा एक पैसा खर्च होत नाही. किंमत मोजतो तो रांगेत मागे ढकलला गेलेला उमेदवार, आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते. म्हणून अग्रक्रम असावा, पण त्याला माप असावे. पाच गुणांची ओंजळ शिपायाचा मान राखते. जन्मभराचे पहिले आसन दुसऱ्याचा हक्क गिळते. १८६५ च्या त्या पहिल्या ठरावात जखम आणि लायकी हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते. त्यांची ताटातूट झाली, की कृतज्ञतेचा अन्याय व्हायला वेळ लागत नाही.