गाठीला सुई लावली तर…

लेकराच्या मानेत गाठ हाताला लागली की घरात ‘अवधाण असेल’, ‘गंडमाळ असेल’ असं सुरू होतं. डॉक्टर सुईने तपासू म्हणाले, की आजी हळूच म्हणते, “सुई लावली आणि रोग पसरला तर?”

आजीला हसू नका. हीच शंका एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांना होती.

१९०४ साली ग्रेग आणि ग्रे यांनी युगांडात निद्रारोग्यांच्या मानेच्या गाठींतून सुईने रस ओढून त्यात रोगाचे जंतू दाखवले. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी हीच युक्ती कॅन्सरसाठी वापरली. सुई मात्र चांगली जाड, १८ नंबरची! पेशी पसरतील, आणि एवढ्याशा थेंबावरून निदान कसं करायचं, या शंकांपायी अमेरिकेत ती मागे पडली.

रुजवली ती स्वीडनने. १९५० नंतर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सिक्स्टन फ्रान्झेन आणि सहकाऱ्यांनी बारीक सुई घेतली, रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. बारीक सुईने रोग पसरणं फारच विरळ, हे त्यातून दिसलं.

याचा मोठा फायदा मुलांना झाला. पूर्वी निदानासाठीच गाठ कापावी लागे: भूल, टाके, मानेवर व्रण. मुलगी असेल तर तो व्रण लग्नाच्या बोलणीतही निघायचा. आता बहुतेक वेळा आईने हात धरला की पाच-दहा मिनिटांत काम होतं. सुई २३ किंवा २५ नंबरची. नंबर वाढतो तशी सुई बारीक. थेंब काचपट्टीवर पसरतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मुलांच्या मानेतल्या बहुतेक गाठी साध्या संसर्गाच्या निघतात. टीबीची शंका असेल तर त्याच रसावर सीबीनॅट तपासणी करता येते. ‘टीबीच असेल’ म्हणून अंदाजाने महिनोन्‌महिने गोळ्या देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सुईला सगळंच कळत नाही. लिम्फोमाची शंका आली तर बहुधा पूर्ण गाठ काढूनच खात्री करतात. मुलाच्या वृषणातल्या गाठीला तर सुई लावतच नाहीत. आणि रिपोर्ट साधा आला, तरी गाठ वाढतच राहिली तर पुन्हा दाखवायचं.

रिपोर्टबरोबर काचपट्ट्याही मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तर तिथले डॉक्टर त्याच पुन्हा पाहू शकतात.