गिअरबॉक्सची गळती आणि घरचा इलाज

सकाळी मोटार बाहेर काढल्यावर फरशीवर तेलाचा डाग दिसला की इंजिनच गळते आहे असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत गळती पुष्कळदा गिअरबॉक्सची असते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे ही रचना आपल्याकडे घरोघरी पोहोचली. गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट जेथून बाहेर पडतात, तेथे रबराची एकेक गोल चकती असते. तीच ऑइल सील. तिची कड शाफ्टवर सतत घासत असते. कालांतराने रबर कडक होते व तेल झिरपू लागते.

प्रथम तेल ओळखावे. वापरलेले इंजिन ऑइल काळपट असते. गिअर ऑइल अधिक दाट असून त्याला गंधकाचा उग्र दर्प येतो. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. तेल इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ठिबकत असेल, तर तो घरचा विषय नव्हे. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मात्र शाफ्टच्या मुळाशी ओल असेल, तर सुटीच्या दिवसात हे काम होण्यासारखे आहे. गिअरबॉक्सच्या डोक्यावरील हवेचे छिद्र चिखलाने बुजले तरी आतील दाबाने चांगले सीलही गळते, म्हणून ते आधी साफ करावे.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून मागील चाकांना ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक निसटून माणसे दगावली आहेत. भक्कम लोखंडी स्टँड नसतील, तर हे काम हाती घेऊ नये.

तेल सोडण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सैल होतो की नाही हे पाहावे. तो गंजून अडकला आणि तेल आधीच सांडले, तर गाडी जागीच बसते! नंतर चाक काढून खालचा बॉल जॉइंट सोडवावा, चाकाकडील भाग बाहेर ओढावा आणि शाफ्टचा आतला सांधा टॉमीने हलकेच उचकटावा. शाफ्टला धरून हिसका देऊ नये. सांधा रबरी बूटच्या आत सुटतो. दोन्ही शाफ्ट एकाच वेळी काढणेही टाळावे, कारण काही गिअरबॉक्समध्ये आतील चक्रे जागची सरकतात.

जुने सील काढताना ज्या खोबणीत ते बसते, तिला ओरखडा पडू देऊ नये. सीलवर मापे छापलेली असतात. जुने सील सोबत नेऊनच नवे घ्यावे. शाफ्टवर नख फिरवून पाहावे. जेथे सीलची कड टेकते तेथे खाच लागली असेल, तर नवे सीलही गळणार. अशा वेळी मेकॅनिकचा सल्ला घ्यावा. नव्या सीलची बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवावी, कडेला थोडे गिअर ऑइल लावावे आणि त्याच व्यासाच्या नळीच्या तुकड्यावर हलके ठोके देत ते चौफेर सारखे, जुन्याइतकेच खोल बसवावे. बहुतेकांचे काम बिघडते ते येथेच, कारण तिरके बसलेले सील आठवडाभरही टिकत नाही.

शाफ्ट खट् असा आवाज होऊन बसला पाहिजे. बॉल जॉइंटचा बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा. तेल कोणते घालायचे हेही तिथेच पाहावे; जीएल-४ सांगितले असता जीएल-५ घातल्यास गिअरमधील पितळी कड्यांना अपाय होऊ शकतो. गाडी समपातळीत ठेवून भरण्याच्या छिद्रातून तेल किंचित ओघळेपर्यंत भरावे. लहान गाड्यांत साधारण दोन-अडीच लिटर लागते.

काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात साठवून गॅरेजकडे द्यावे. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणल्यावर गाडीखाली रात्रभर जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि सकाळी ते पाहावे.