दोन हजार तासांचं इंजिन

गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता मी एका सेस्ना १७२ च्या पोटाखाली उताणा पडून स्क्रू काढत होतो. किती स्क्रू? मोजायला सुरुवात केली होती, शंभराच्या आसपास नाद सोडला. खुर्च्या बाहेर, पंखाखालच्या खिडकीएवढ्या झाकण्या उघड्या, इंजिनाचं वरचं कवच काढून कोपऱ्यात उभं. लग्नघरासारखा पसारा.

विमान दादाचं. म्हणजे एकट्याचं नाही, चौघांत मिळून. दादा हा माझा आधीचा टीम लीड, मूळचा सोलापूरचा. चौघांपैकी एक जण शिकागोला चाललाय आणि त्याचा पाव हिस्सा विकायला आहे. तो मी घ्यावा असं दादाचं मत, आणि जमलेले पैसे घराच्या डाउन पेमेंटला ठेवावेत असं बायकोचं. मला लायसन्स मिळून जेमतेम वर्ष झालंय. म्हणून म्हटलं, हिस्सा घेण्याआधी त्याची वार्षिक तपासणी तरी बघू. अमेरिकेत खाजगी विमानाची दर बारा महिन्यांनी संपूर्ण तपासणी लागते. मालकाने हात काळे केले तरी चालतात, पण सही मात्र तो अधिकार असलेल्या मेकॅनिकचीच.

विमान १९७४ सालचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, तिकडे नवीन मिळत नाहीत का?"

आईचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. १७२ पहिल्यांदा उडालं १९५५ मध्ये, विक्रीला आलं १९५६ मध्ये, आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनली. जगात दुसऱ्या कुठल्याच विमानाचा एवढा खप नाही. १९७८ साली अमेरिकन कंपन्यांनी सगळी मिळून १७,८११ छोटी विमानं दिली. १९९४ मध्ये हा आकडा होता ९२८! सेस्नाने तर १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं आणि दहा वर्षं एकही १७२ तयार झालं नाही.

ह्याचं खापर सहसा वकिलांवर फोडतात. विमान कितीही जुनं असो, पडलं की कंपनीवर दावा. मग विम्याचा खर्च प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीवर. शेवटी १९९४ मध्ये कायदा आला की अठरा वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानासाठी कंपनीला जबाबदार धरता येणार नाही (एखादा भाग नवा बसवला तर त्या भागापुरती अठरा वर्षं पुन्हा पहिल्यापासून, हे बारीक अक्षरांत). त्यानंतर सेस्नाने कॅन्ससमध्ये नवा कारखाना काढला आणि १९९६ मध्ये १७२ परत आलं. मला विचाराल तर वकिलांची गोष्ट अर्धीच खरी. ऐंशीच्या सुरुवातीचे कर्जाचे भयंकर व्याजदर होतेच, पण मुख्य म्हणजे सत्तरच्या दशकात बनलेली हजारो विमानं मरायला तयार नव्हती. स्वतःच्याच जुन्या व्हर्जनशी स्पर्धा. आमच्या धंद्यात हे दुःख नवीन नाही.

तर ही न मरणारी विमानं चालवायची म्हणजे काय, हे पॅनेलच्या मागे डोकं घातल्यावर कळलं. १९७४ मध्ये रेडिओच्या खुणांवर दिशा शोधत उडायचे. मग कोणीतरी लोरान बसवलं. ती यंत्रणा अमेरिकेने २०१० मध्ये बंदच केली. मग जीपीएस आलं. मग १ जानेवारी २०२० पासून मोठ्या शहरांभोवतीच्या हवेत स्वतःची जागा सतत प्रक्षेपित करणारा एडीएस-बी सक्तीचा झाला, तोही बसला. प्रत्येक वेळी नवीन डबा आला, पण जुन्याच्या वायरी तशाच. परवा आम्ही कुठूनही न येणाऱ्या आणि कुठेही न जाणाऱ्या वायरींचा चांगला ओंजळभर गुंता बाहेर काढला. डेड कोड! फरक एवढाच की इथे डेड कोडला वजन असतं आणि तो काढला की विमानाच्या वजनाचा हिशोब कागदावर पुन्हा मांडावा लागतो. मनाला आलं म्हणून काहीच बदलता येत नाही. मंजूर बदलाची मंजुरी वेगळी विकत मिळते, आणि ती विमानाच्या कागदांत राहते.

इंधनाची गंमत तर वेगळीच. छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं, लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्तपर्यंत. आमचा रीड-हिलव्ह्यू विमानतळ सॅन होजेच्या दाट वस्तीत. आसपासच्या मुलांच्या रक्तात जास्त शिसं सापडल्याचा अभ्यास २०२१ मध्ये आला आणि १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने इथे शिसंवालं पेट्रोल विकणं बंद केलं. (झालं ते उत्तम झालं. विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्या पोराने आमच्या हौसेची किंमत का द्यावी?) आता ह्यात दादाचं म्हातारं विमान वाचलं, कारण त्याचं लायकमिंगचं इंजिन मुळात ८० ऑक्टेनसाठी बनवलेलं. त्यानंतरचं, १९७७ पासूनचं 'सुधारित' इंजिन शंभर ऑक्टेन गृहीत धरून आलं आणि वर त्याच्या कॅमशाफ्ट-टॅपेटची झीज कुप्रसिद्ध ठरली. अपग्रेडच्या बाबतीत मी सावध का असतो, ते समजून घ्या :-)

पण खरा वाद वेगळ्याच गोष्टीवर होता. ह्या इंजिनावर १९४० तास झालेत. कंपनी सांगते की २००० तासांना पूर्ण ओव्हरहॉल करा. खाजगी विमानाला ही सक्ती नाही, सल्ला आहे. ओव्हरहॉल म्हणजे खर्च एका बऱ्या नव्या गाडीएवढा, त्यातला पाव माझ्या डोक्यावर.

"दादा, मग इंजिन काढायचं ना आता?"

"का रे? काय झालंय त्याला?"

"दोन हजार होत आलेत."

"माझे पन्नास होत आलेत. मला काढतोस का?"

उत्तर विनोदी असलं तरी त्याच्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश कोस्टल कमांडची अर्धीअधिक विमानं कायम दुरुस्तीत अडकलेली असायची. तिथल्या शास्त्रज्ञांमध्ये वॅडिंग्टन नावाचा मूळचा जीवशास्त्रज्ञ होता. विमानांची दर पन्नास तासांनी तपासणी व्हायची. ह्या लोकांनी साधा आलेख काढला: तपासणीनंतर किती तासांनी बिघाड झाला? अपेक्षा अशी की तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत कमी असणार आणि पुढे वाढत जाणार. निघालं उलटं. तपासणी झाल्या झाल्या बिघाड सर्वांत जास्त, मग तास जातील तसे कमी. म्हणजे धडधाकट वस्तू उघडून आपणच बिघडवत होतो! तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, तसे विमानांचे उड्डाणाचे तास वाढले.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप ह्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. विमानाच्या भागांपैकी ८९ टक्के भागांना 'इतके तास झाले की बदला' ह्या नियमाचा काहीच फायदा नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करणाऱ्याला हे कोणी वेगळं सांगायला नको.

पण मी लगेच दादाच्या बाजूला गेलो नाही. तो अहवाल जेट विमानांचा. पिस्टन इंजिनात सिलिंडर झिजतात, व्हॉल्व्ह जळतात, हे धातूच आहे शेवटी. उलट बाजूने, १९५८-५९ मध्ये लास व्हेगासवर टिम आणि कुक ह्या दोघांनी एक १७२ न उतरवता ६४ दिवस २२ तास उडवलं, खाली धावणाऱ्या ट्रकमधून पाइप वर ओढून पेट्रोल भरत. हिशोब करा, सलग साडेपंधराशे तास. शेवटी इंजिनात इतका कार्बन साचला की विमान वर चढेना, पण बंद पडलं नाही. आणि लायकमिंगला सगळ्यात वाईट काय, तर उभं राहणं. कॅमशाफ्ट वरच्या अंगाला, महिनाभर उडवलं नाही की तेल निथळून जातं आणि गंज धरतो. बाबांची चेतक गॅरेजमध्येच गेली, रस्त्यावर नाही.

दुपारी मेकॅनिक आजोबांनी तेलाचं फिल्टर कापलं. आतला कागद घड्या उलगडून उन्हात धरला, पापड बघावा तसा, मग त्यावरून लोहचुंबक फिरवलं. धातू नाही. मग सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाने हवा भरून कितपत टिकते ते पाहिलं. पहिला ७६, दुसरा ७४, चौथा ७५. तिसरा ६८.

आजोबांनी एग्झॉस्टच्या नळीला कान लावला आणि मलाही लावायला सांगितला. बारीक फुस्स ऐकू येत होतं. एग्झॉस्ट व्हॉल्व्हमधून हवा निसटत होती.

मला वाटलं, झालं, आता सिलिंडर काढणार. आजोबांनी आत छोटा कॅमेरा घालून व्हॉल्व्ह पाहिला, बराच वेळ पाहिला. जळल्याची खूण दिसेना. "दहा तास उडवा, मग परत मोजू," म्हणाले, आणि लॉगबुकात चारही आकडे लिहून टाकले.

घरी येऊन बायकोला सांगितलं की अजून दहा तास काही ठरवत नाही. ती म्हणाली, "दहा तास म्हणजे उद्यापर्यंत का?" विमानाचे दहा तास म्हणजे आमच्या वेगाने दीड महिना. त्यातले तीन दादाबरोबर मी उडवणार आहे, पेट्रोलचे अर्धे पैसे माझे. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा आला की इथे लिहीनच.