वय आणि नाद

जुन्या घरातील वस्तूंचे वय सांगण्याची आपल्याकडे एक रीत आहे. "पणजोबांच्या वेळचे" असे म्हटले की पुढे कोणी काही विचारीत नाही. आमची सारी नोकरी महसूल खात्यात गेली. दस्त हाती आला की मजकुराआधी मुद्रांकाच्या पाठीवरील विक्रीची तारीख पाहावयाची, ही सवय आम्हांस तेथे जडली. दस्तावरील तारीख मुद्रांकाच्या विक्रीपूर्वीची असेल, तर उरलेला मजकूर कितीही सुंदर असो, व्यर्थ होय. हीच कसोटी एका विख्यात वाद्याला लागली, त्याची ही हकीकत.

डबल बास हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील सर्वांत मोठे आणि खर्जाचे गजवाद्य. ते साधारण माणसाच्या उंचीहून उंच असते. रशियात जन्मलेले सर्ज कुसेवित्स्की (1874–1951) प्रथम याच वाद्याचे वादक म्हणून गाजले आणि पुढे 1924 ते 1949 पर्यंत बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक होते. त्यांच्या पश्चात पत्नी ओल्गा यांनी 1962 साली त्यांचा डबल बास गॅरी कार या तरुण अमेरिकन वादकाच्या स्वाधीन केला. इटलीतील क्रेमोना येथील अमाती बंधूंनी तो 1611 मध्ये घडविला, अशी त्याची ख्याती होती.

असे वय ठरवावे कसे? वाद्याच्या पोटात चिकटविलेली कारागिराच्या नावाची चिठ्ठी हा सर्वांत दुबळा पुरावा. थोर कारागिरांच्या नावाच्या चिठ्ठ्या एकोणिसाव्या शतकात सर्रास छापून चिकटविल्या जात. खांद्यांची ठेवण, पाठ सपाट की फुगीर, माथ्याच्या वळ्याचे कोरीवकाम, रोगणाचा पोत हे सारे जाणकार पाहतात. परंतु मोठे वाद्य दोन-तीन शतकांत अनेकदा उघडले जाते. मान बदलते, अंग कापून लहान केले जाते, तीन तारांची जागा चार तारा घेतात. राहता राहिला नाद; पण तोही वयाची साक्ष देत नाही. आतड्याच्या तातींऐवजी पोलादी तारा चढविल्या, किंवा पोटातील आधारकाडी किंचित सरकविली, तरी आवाज पालटतो.

अखेर साक्ष दिली ती लाकडाने. या वाद्यांची दर्शनी फळी स्प्रूस वृक्षाची असते. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडते. आल्प्सच्या उंच, थंड उतारांवर उबदार उन्हाळ्यात ते रुंद होते, तर गारठ्याच्या वर्षी अरुंद. रुंद-अरुंद वलयांची ही माळ त्या प्रदेशातील ज्ञातकाल वृक्षांच्या माळेशी जुळविली की वर्ष निश्चित होते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या वाद्याच्या फळीवरील 317 वलये मोजली गेली. त्यांचा काळ निघाला 1445 ते 1761.

अमाती बंधूंपैकी जिरोलामो 1630 मध्येच निवर्तले होते. मरणोत्तर एकशे तीस वर्षे वाढत राहिलेल्या लाकडातून त्यांनी वाद्य घडविणे अशक्य. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. 1761 हे वाद्य घडल्याचे वर्ष नव्हे. झाडाची बाहेरील वलये तासण्यात जातात, लाकूड वाळवावे लागते. ते वाद्य 1761 पूर्वीचे नाही, एवढेच सिद्ध होते. मुद्रांकाची तारीखही याहून अधिक काही सांगत नसते.

मग कुसेवित्स्की आणि कार यांच्या हातून श्रोत्यांनी जे ऐकले, ते खोटे ठरले काय? 2010 साली इंडियानापोलिस येथे 21 व्हायोलिनवादकांस डोळ्यांवर गडद चष्मे चढवून तीन जुनी आणि तीन नवी वाद्ये वाजवावयास दिली. जुन्यांपैकी दोन स्ट्राडिव्हारीची होती. बहुतेकांना जुने-नवे ओळखता आले नाही आणि पसंती नव्यालाच अधिक मिळाली. वय आणि नाद हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हेच खरे.

हे आम्ही इतक्या अगत्याने लिहितो, कारण हाच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. इंदूरच्या आमच्या घरी एक तंबोरा आहे. वडिलांनी कुलवृत्तांतात त्याची नोंद "पेशवाईतील, मिरजेचा" अशी केली होती. मध्यंतरी मिरजेच्या एका कारागिराने तो पाहिला. भोपळा आणि दांडी निरखून "काम आमच्याकडचेच" असे त्याने सांगितले. आम्हांस आनंद झाला आणि लगेच शंकाही आली. मिरजेत तंतुवाद्ये घडू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. पेशवाई तर 1818 मध्येच संपली. नोंदीतील दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नव्हते.

वृत्तांताची नवी आवृत्ती आमच्याकडेच सोपविलेली. वडीलबंधूंना दुरुस्ती रुचली नाही. "म्हणजे नानांनी खोटे लिहिले?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "नाना, दादा, खोटे लिहिणारे नव्हते, त्यांनी ऐकलेले लिहिले, आम्ही पडताळलेले लिहितो." दादा गप्प राहिले.

दरम्यान त्या कारागिराने घोडी घासून जवारी काढून दिली होती. सायंकाळी नातीने तारा छेडल्या, तेव्हा दादाही डोळे मिटून ऐकत बसले. नोंद आता अशी आहे: "तंबोरा, मिरजेची घडण, बहुधा 1850 नंतरचा. घरात चार पिढ्या वाजता."